प्लग काढणाऱ्यांची इर्जिक

डहाणूत लाईट जाते. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला जे पाडे आहेत, तिथं कुणी असं म्हणत नाही. तिथं लाईट येते. लांबच्या पाहुण्यासारखी येते, चहाचं आधण ठेवेपर्यंत थांबते आणि चहा न घेताच निघून जाते. एकदा तर ती इतक्या झटक्यात येऊन गेली की शुक्राच्या घरातला बल्ब पेटायचा राहिला आणि शेजारचा पेटला, असं लोक सांगतात. खोटं कशाला बोलतील?

या शुक्राची मुलगी सुषमा. तेवीस वर्षांची, डहाणूला सूर्यकांत सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बाराशे रुपये पगारावर शिकवायची. सर रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झालेले. फंडाचे पैसे चार कॉम्प्युटरांत घालून बसले होते आणि रोज सकाळी त्यांना उदबत्ती ओवाळायचे.

अठ्ठ्याण्णव साली एका परदेशी कंपनीनं आपल्या लिहिण्याच्या प्रोग्रामचं आतलं सगळं काम जगापुढं उघडं करून ठेवलं. या, बघा, चुकत असेल तिथं दुरुस्त करा, असं आवतणच दिलं. सुषमानं सरांच्या फोनवरून, मिनिटामिनिटाला सरांचा श्वास अडकवत, कंपनीला ईमेल केली. लाईट गेली की लिहिलेली अख्खी फाइल नासते, काहीतरी करा. तिकडून उत्तर आलं की लाईट वर्षातून किती वेळा जाते? तिनं कळवलं, अकरा वेळा. तिकडून समाधानाचं उत्तर आलं की वर्षाला अकरा म्हणजे फार नाही. तिनं पुन्हा कळवलं, वर्षाला नाही. आज. आणि अजून दुपारच आहे.

त्यानंतर तिकडून काही आलं नाही. मग तिनं स्वतःच कंबर कसली. तीन महिने खपून तिनं असं बसवलं की नवी प्रत पुरती लिहून झाल्याशिवाय जुनी पुसायचीच नाही. लाईट कधीही जाऊ दे, दोन्हींतली एक तरी शाबूत राहणार. पण हे खरं ठरवायचं तर हजारभर वेळा, वेगवेगळ्या क्षणी, चालू मशिनचा प्लग खेचून बघायला हवा. एकटीच्या हातानं ते कधी व्हायचं?

पाड्यातल्या माणसाला असल्या वेळी एकच गोष्ट सुचते. सुषमानं इर्जिक घातली.

इर्जिक म्हणजे साधी गोष्ट. एकाचं काम अडलं की सगळ्यांनी जायचं, ज्याचं काम त्यानं पोटभर जेवू घालायचं, आणि उद्या दुसऱ्याचं अडलं की त्यानंही हजर व्हायचं. मजुरीचं नाव काढायचं नाही. पौषात शेतं रिकामी होती. सरांचा सगळ्यात म्हातारा कॉम्प्युटर तलासरीपर्यंत टेम्पोतून आला आणि पुढं पाड्यातल्या बाळ्या म्हाताऱ्याच्या बैलगाडीतून, भाताच्या पेंढ्यात नव्या नवरीसारखा बसून पाड्यात पोचला. सरांनी निरोप देताना डोळे पुसले. लाईटचा भरवसा नको म्हणून शाळेच्या कामावर आलेल्या कंत्राटदाराचा जनरेटर दोन दिवस मागून घेतला.

सुषमा धरून सोळा माणसं जमली. दोन दिवसांत अकराशे चाळीस वेळा प्लग निघाला. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बाळ्या दात उपटल्यासारखा हलवून हलवून काढायचा. सुकी बोलता बोलता खेचायची आणि वर "काढला का मी?" म्हणून विचारायची. हिरीला "आता नको" म्हटलं की ती नेमकी तेव्हाच काढणार. आणि हिरीनंच घोळ पकडला. तिनं प्लग काढला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत परत खुपसला. दोन्ही प्रती गेल्या.

"हिरे, असं कोण करतं गो?" सुषमा वैतागली.

"लाईट करते," हिरी म्हणाली. "जाते न लगेच येते. तुला डहाणूचं पाणी लागलं म्हणून इसरलीस का?"

ती चूक कुठल्याच देशातल्या शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती. सुषमानं रात्रंदिवस बसून ती दुरुस्त केली. काम कंपनीला पाठवताना तिनं वर सतरा नावं घातली. सोळा माणसांची, आणि सतरावं काळ्याचं. काळ्या म्हणजे कॉम्प्युटरची गाडी एकट्यानं ओढून आणणारा बाळ्याचा बैल. इर्जिकीला आलेला बैल माणसाबरोबर मोजतात, त्याला वेगळं काय सांगायचं?

वैशाखात कंपनीचं पत्र आलं. लिफाफा इतका कडक की पोस्टमननं त्याचा पंखा करून वारा घेतला होता. सुषमानं वाचलं, पुन्हा वाचलं. तिनं केलेली दुरुस्ती घातलेला प्रोग्राम कंपनी आता खोक्यात घालून वीस देशांत विकत होती. ज्या देशांत लाईट जाते तिथं तर फारच खपत होता. म्हणून कंपनी खूश होऊन पंधराशे डॉलर देणार होती. फक्त तिला एकटीला. सोबतच्या कागदावर सही करायची, की हे काम सर्वस्वी माझं एकटीचं आहे. बाकीच्यांना कंपनीचे मनःपूर्वक आभार.

"चौसष्ट हजार!" सूर्यकांत सर खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. "सही कर, बाळ. स्वतःचा कॉम्प्युटर येईल तुझा. प्लग काढणं हे काय काम झालं? माझी सासू रोज काढते."

सुषमाला कॉम्प्युटर हवा होता. स्वप्नात दिसावा इतका हवा होता. पण तिला पांड्याही दिसत होता. पांड्यानं इर्जिक घालून घर बांधून घेतलं आणि महिन्याभरात संजाणच्या व्यापाऱ्याला विकून टाकलं. त्याला कुणी शिवी दिली नाही. फक्त त्यानंतर त्याच्या शेतात कुणी पाऊल ठेवलं नाही. चार वर्षं तो आणि त्याची बायको दोघंच भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करतात, आणि त्यांची रोपं खाचरात जायच्या आत पिवळी पडतात. शुक्राच्या घरात तर आवणीला एक शुक्रा आणि एक सुषमा. इर्जिकीच्या कामाचे पैसे घेतले आणि आषाढात कुणी आलंच नाही तर?

आठ दिवस तिनं पत्र उशीखाली ठेवलं. नवव्या दिवशी सुट्टी काढून पाड्यात गेली आणि बाळ्याच्या अंगणात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. एकटीच्या सहीची अटसुद्धा लपवली नाही.

सुकी म्हणाली, "एवढे पैशे? मी तर बोलत बोलत काढलेला गो!"

कुणी हसलं नाही. शुक्रा मान खाली घालून बसला. "पैसे नको म्हणून कळवते," सुषमा म्हणाली. "इर्जिकीचे पैसे होत नाहीत."

बाळ्या विडी वळत होता. पासष्टीचा माणूस, घाई त्याला ठाऊक नव्हती. "ही कंपनी आपल्या आवणीला येल का?"

"कशी येईल, आजा? तिकडं सात समुद्रांपलीकडं आहे."

"बरं. आपण केलं ते ती विकते?"

"विकते."

"मंग ही इर्जिक कशी? इर्जिक शेजाऱ्याची. जो उलटून येत नाही त्याची इर्जिक नसते. त्याची वेठ असते." बाळ्यानं विडी पेटवली. "मी ल्हान होतो तवा मालकाचं गवत कापायला आख्खा पाडा जायचा. फुकट. मालक लई गोड. म्हणायचा, बाळ्या, हे आपलंच घर समज. एकदा पाऊस झोडपत होता, तर मी आपलंच घर समजून ओटीवर चढलो." पाठीवर हात नेऊन त्यानं तो तसाच खाली घेतला. "आपल्या लोकांनी वेठ मोडली ती फुकट मोडली नाही. आता तू परत लावू नको."

"पण आजा, मला कुणी जुंपलं नव्हतं. मी आवडीनं केलं."

"आवड तुझी हाय, ती तुझ्याकडं ऱ्हाईल. त्यांनी कमावलं ते वाटून घे. पण सगळ्यांचं घे. एकटीनं घेतलंस तर पांड्याच्या बांधाला बांध लावून बस."

सुषमानं कंपनीला कळवलं की काम सतरा जणांचं आहे, खोटी सही होणार नाही. द्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नको. सूर्यकांत सरांनी ईमेल जाताना डोळे मिटून घेतले. तीन आठवडे तिकडून चकार शब्द नाही. सुषमानं कॉम्प्युटरची आशा सोडली, खरं म्हणजे सोडल्यासारखं दाखवलं.

चौथ्या आठवड्यात उत्तर आलं. कंपनीच्या वकिलानं मोठ्या मिनतवारीनं मान्य केलं होतं. सारखे वाटे, सतरा. सगळ्यांनी अंगठा किंवा सही करावी. फक्त श्री. काळ्या यांचं आडनाव आणि जन्मतारीख मिळाली नाही, ती कृपया कळवावी. सुषमानं खरं तेच कळवलं. आडनाव नाही, वय दात बघून नऊ, अंगठा नाही, खूर आहे. त्यावर वकिलाचं काय झालं ते कळलं नाही, पण वाटे सतराच आले. सुषमाच्या वाट्यात कॉम्प्युटर सोडा, कीबोर्ड आणि माऊस आला. ते घेऊन ती घरी आली तेव्हा शुक्रानं माऊसला दोन दिवस टोपलीखाली झाकून ठेवलं.

खरी भीती पुढंच होती. पाड्यात आजवर एकमेकांच्या कामाला भाव नव्हता. आता प्रत्येकाच्या हातात कामाचा भाव आला होता, घडी घालून, सदतीस अडतीसशे रुपये. शुक्राची रोपं आवणीला आली, त्या दिवशी सुषमा पहाटेपासून बांधावर उभी होती. उजाडलं. खाचरात ती, शुक्रा आणि बेडूक, एवढेच.

मग पायवाटेवर हिरी दिसली. एकटीच. बांधावर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कंपनीनं प्लग काढायचे सदतीसशे दिले," ती म्हणाली. "तुझा बाप काय देतो?"

शुक्रानं हातातली रोपांची जुडी खाली ठेवली. "नागलीची भाकर," तो हळूच म्हणाला. "सुके बोंबील."

"किती?"

"खाशील तितके."

"मी लई खाते."

"ठाऊक हाय."

हिरीनं लुगडं खोचलं आणि मागं वळून डोंगराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "या रं! बोंबील हायेत!" झाडीमागून सुकी निघाली, बाकीचे निघाले, बाळ्या काळ्याला हाकत निघाला, सगळे मघापासून तिथं दडून, पदर नाहीतर मुंडासं तोंडात कोंबून बसले होते.

"आजा, तुम्हीपण?" सुषमा रडत होती की हसत, तिचं तिलाच कळेना.

"बेस्तरवारी माझी आवणी," बाळ्या चिखलात उतरत म्हणाला. "रजा काढ. न तुझ्या त्या सरालाबी आण."