सोनरानीचा न

मी जानूचा ब्रश बोलतोय. एक इंची, चपटा, डुकराच्या केसांचा. ब्रश म्हटल्यावर तुम्हाला दात घासायचा आठवत असेल, तर पुढे वाचू नका.

माझी मूठ लाकडाची आहे. केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या पट्टीखाली पिवळा रंग अडकलाय. वीस वर्षांत कुठल्याही रॉकेलला तो निघाला नाही. मधे काही दिवस माझं काम काय होतं, तर जानूच्या मुलाच्या कीबोर्डमधला शेवेचा चुरा झाडायचा. हे मी आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी कीव करायला नको.

जानूने मला पनवेलच्या बाजारात घेतलं. दुकानदाराने दहा ब्रश पुढे टाकले. जानूने प्रत्येकाचे केस तळहातावर वाकवून पाहिले. मी वाकलो आणि लगेच सरळ झालो. त्याने मला उचललं. बाकीच्या नऊ जणांचं काय झालं मला माहीत नाही. भिंतीला लागले असतील.

जानू खाडीत मासे मारायचा आणि गावच्या होड्या रंगवायचा. शाळा तिसरीपर्यंत. पण त्याच्यासारखं अक्षर पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं. आधी अक्षरांचे दांडे काढायचा, मग पोटं भरायचा आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी. ती एका दमात. ती ओढताना तो श्वास घेत नसे आणि मी उचलला जात नसे. काम झालं की मला रॉकेलमध्ये धुवायचा, खोबरेल लावायचा, कागदात गुंडाळायचा. त्याच्या बायकोला, जमुनाला, हे खपत नसे. "माज्या केसांना इतकं तेल कदी लावलं नाय," म्हणायची. जानू म्हणायचा, "तुजे केस अक्षर काढतात काय?"

मग त्याने स्वतःची होडी बांधली. अंग हिरवं, वर पिवळा पट्टा, पुढचं टोक लाल. जानूची आई बयाबाई हिने होडीवर हात फिरवला आणि म्हणाली, "सोन्याची रानी हाय माजी. सोनरानी." जानूने तेच नाव लिहिलं. पांढऱ्या रंगात, माझ्या हातून.

होडी पाण्यात ढकलायच्या दिवशी गावचे गुरुजी आले. नारळ फोडण्याआधी त्यांनी चष्मा लावला.

"जानू, राणीचा ण बाणातला. तू नळातला काढलास."

जानू म्हणाला, "गुरुजी, माजी आय तिला रानी बोलते. तुमी ण लावून हाक मारा. वलली तर लगेच बदलतो."

गुरुजींनी खरंच हाक मारली. होडी खुंट्याला बांधलेली होती, ती काय वळणार? लोक हसले. गुरुजीही हसले आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून घरी गेले. तो न तसाच राहिला. मी सांगतो, अक्षराच्या हिशोबानेही तोच बरोबर होता. सोनरानी. दोन न, सारखे, जोडीने वल्हं मारणाऱ्या दोन भावांसारखे. त्यातला एक उठवून तिथे ण बसवला, तर होडी कलंडते.

पुढे विमानतळासाठी गाव उठलं. खाडीत भराव पडला. लोकांना प्लॉट मिळाले, घरं झाली. होडी नव्या घराच्या मागे पालथी पडून राहिली. बयाबाई गेली, दोन वर्षांनी जमुनाही गेली. मुलगा दीपेश मोठा झाला, न्हावा शेव्याच्या बंदरात कस्टम एजंटच्या ऑफिसात लागला. एक दिवस जानू दवाखान्यात असताना त्याने होडी एका हॉटेलवाल्याला विकून टाकली. "बाबा, कुजत होती," म्हणाला. हॉटेलवाल्याने नाव खरवडून काढलं, सगळ्या होडीला तपकिरी पॉलिश मारलं. आता तिच्यात बर्फ भरतात आणि बर्फावर कोळंबी मांडतात. जानूला एकदा तिथे जेवायला नेलं होतं. तो पाणीही प्यायला नाही.

मी पत्र्याच्या डब्यात पडून होतो. दीपेशची बायको रुतिका हिने मला शोधून काढलं. "हा मऊ आहे, कीबोर्डला चालेल," म्हणाली. असा मी दीपेशच्या टेबलावर आलो.

तिथे मी जे पाहिलं ते रंगकाम आहे असं मी म्हणणार नाही. दीपेश सुटीच्या दिवशी कॉम्प्युटरवर विमानं उडवतो. खोलीतच. हातात विमान वळवायचा दांडा, कानाला हेडफोन. विमानं पांढरी येतात, मग त्यांना या कंपनीचे नाहीतर त्या कंपनीचे रंग चढवायचे. त्यासाठी विमानाचं कातडं पडद्यावर उघडून ठेवलेलं असतं, पापलेट मधोमध चिरून ठेवावं तसं. त्यावर दीपेश माउस फिरवतो. चुकलं की एक बटण दाबतो आणि चूक नाहीशी. मी ज्या हातात वाढलो त्या हाताला मागे जायची सोय नव्हती. म्हणून तो हात चुकत नव्हता.

त्याचा हात मात्र लोकांना आवडतो, हेही खरं. देशोदेशीची माणसं त्याने रंगवलेली विमानं आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतात. त्यांची एक मंडळी आहे. त्या मंडळीने ठरवलं, येत्या रविवारी चार वाजता सगळ्यांनी मिळून पडद्यावरच्या नवी मुंबई विमानतळावर, म्हणजे आमच्या गावाच्या जागी, उतरायचं. सगळ्यात पुढे दीपेश. त्यासाठी त्याने खास विमान रंगवलं. हिरवं अंग, पिवळा पट्टा, लाल नाक. बाजूला पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, सोनराणी.

शनिवारी रुतिकाने कौतुकाने सासऱ्याला आत बोलावलं. "बाबा, बघा तरी. तुमच्या होडीचं विमान केलंय."

जानू चष्मा न लावता पडद्यासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "यो कंचा ण?"

"बाबा, राणीचा ण तोच असतो," दीपेश म्हणाला. "तुझा चुकला होता. मी दुरुस्त केला."

"माज्या आयनं ठेवलेलं नाव तू दुरुस्त करनार?"

"लोक हसतील ना. तीनशे जणांनी घेतलंय हे विमान."

"कोन लोक?"

"जर्मनीतले आहेत, ब्राझीलचे आहेत, सगळीकडचे."

"त्यांना मराठी वाचता येतं?"

"नाही."

"मंग हसतोस तो तूच."

रुतिकाने मान खाली घातली. जानूने बोट पडद्याला टेकवलं. शिरोरेषा विमानाच्या दाराशी येऊन तुटली होती, कारण तिथे कातड्याचा सांधा होता. "आनि ही रेघ. दारापाशी मोडलीस. तू होरी इकलीस, मी बोललो नाय. नाव नव्हतं इकलं. पूस ते."

"आता पुसून काय होणार? लोकांकडे गेलंय. उद्या चार वाजता उड्डाण आहे."

"उद्या चार वाजता मी येतो," जानू म्हणाला.

रविवारी दुपारी जानूने मला टेबलावरून उचललं. वीस वर्षांनी. अंगठा जिथे टेकायचा तिथेच टेकला. त्याने माझ्यातला चुरा झटकला, केस तळहातावर वाकवले. मी वाकलो आणि सरळ झालो. गेटला मारून उरलेला पांढरा ऑइल पेंट डब्यात होता. त्यावरची साय त्याने काडीने बाजूला केली आणि मला बुडवलं.

दीपेश विमान खाली आणत होता. मागे वीस विमानं रांगेत. पडद्याच्या मधोमध ते हिरवं विमान, पलीकडे डोंगर, खाली धावपट्टी. जानू येऊन टेबलाच्या बाजूला उभा राहिला आणि पडद्याच्या काचेवर, विमानाच्या अंगावर, पहिला दांडा ओढला.

"बाबा, काय करतोस? बाजूला हो."

जानूने सो काढला.

"अगं, धर ना त्यांना," दीपेश रुतिकाला म्हणाला. त्याचे दोन्ही हात अडकले होते. सगळ्यांबरोबर उडताना मधेच थांबवता येत नाही, हे तोच आम्हाला दहादा सांगायचा.

रुतिका दारात उभी होती. "रंग ओला आहे," ती म्हणाली. "अंगाला लागेल." आणि हलली नाही.

जानूने न काढला. रा काढला. दुसरा न काढला, पहिल्याला अगदी जोड. वेलांटी दिली. हेडफोनमधून कुणीतरी इंग्रजीत काहीतरी विचारत होतं. दीपेश मान वाकडी करून अक्षरांच्या फटीतून धावपट्टी शोधत होता. जानूने श्वास रोखला. मीही रोखला. आम्ही शिरोरेषा ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, न उचलता.

धावपट्टी त्या रेघेमागे गेली. विमान टेकलं, डावीकडे घसरलं, पट्टी सोडून मातीत शिरलं, आणि एका जागी नाक खुपसून उभं राहिलं.

जानूने वाकून डोंगराची रांग बघितली. कुठलं टोक कुठे येतं ते बोटाने मोजलं.

"आता बरोबर आलास," तो म्हणाला. "आमी हितंच बांदायचो तिला."

दीपेशने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बापाकडे पाहिलं नाही.

याला आता तीन महिने झाले. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. जे सांगायचं ते रुतिकामार्फत. दीपेशने काच ब्लेडने खरवडली. अक्षरं निघाली, शिरोरेषेचा एक तुकडा निघाला नाही. कुठल्याही कंपनीचं विमान उडवलं तरी त्या रेघेखालून जातं. तिकडे तीनशे जणांकडे ण आहे, इकडे न. कुणी मागे हटलेलं नाही. समेट झाला असं सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही.

जानूने मला त्याच दिवशी रॉकेलमध्ये धुतलं, खोबरेल लावलं, कागदात गुंडाळलं. आता मी त्याच्या उशीखाली असतो. पिवळ्याच्या शेजारी थोडा पांढराही माझ्या मुळाशी राहिलाय. तोही निघणार नाही.

माझं मागणं एवढंच. मला पुन्हा कुणी चुरा झाडायला नेऊ नका. आणि आकाशात, पडद्यावर, कुठेही तुम्हाला सोनराणी दिसली, तर ती आमची नाही. आमची हाक मारल्याशिवाय वळत नाही, आणि हाक कशी मारायची ते मी सांगितलंय.