वरची पपडी

"साहेब, खालचा हीटर लावू नका. आधी वरनं बर्नर देऊन भोक पाडू," म्हाळू म्हणाला.

कोरेगाव भीमाच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या दारांना लागणारं रबर निघायचं. यंत्राच्या तोंडातून मऊ पट्टी बाहेर येई आणि वितळलेल्या मिठाच्या लांब टाकीतून जाता जाता शिजून पक्की होई. हे मीठ खाण्यातलं नव्हे. सव्वादोनशे डिग्रीला पाण्यासारखं पातळ राहणारं रसायन. आज भारनियमनात सकाळपासून गेलेली लाईट आत्ता कुठे आली होती. तोवर टाकीतल्या मिठाचा दगड झाला होता.

"किती वेळ लागेल?" सुमितसाहेबांनी विचारलं. इंजिनीअर होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं.

"दोन तास तरी."

"मामा, ट्रक दारात उभा आहे. तिसरा फोन आलाय मला."

"खालचं आधी वितळतंय, साहेब. वर यायला वाट न्हाई घावली, तर उडतंय. मागं असंच उडालं, तवा आपल्या सावळारामचं भाजलेलं तोंड म्या बघितलंय."

सुमितसाहेबांनी स्वतःच बटण दाबलं.

म्हाळू भिंतीला टेकला. टाकीत कुठेतरी 'टक्' झालं. बराच वेळ काहीच नाही. पुन्हा 'टक्'. तेवढ्यात पट्ट्या कापणारी गिताबाई मिठात अडकलेलं रबराचं टोक ओढायला टाकीवर वाकली.

"गिताबाई, मागं व्हा!"

"आवं दादा, एवढं टोक…"

त्याला दाराकडे पळायचं होतं. तो टाकीकडे पळाला. दंडाला धरून त्यानं तिला मागं खेचलं आणि वरची पपडी फोडून वितळलेलं मीठ उडालं.

गिताबाईच्या पदराची चाळण झाली. तिला खरचटलंही नाही. म्हाळूचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. "मामा… मामा…" सुमितसाहेब जागच्या जागी तेवढंच म्हणत राहिले.

दोन महिन्यांनी हात बरा झाला. म्हाळू एसटीनं कामावर गेला, पण शेडच्या दारात त्याचे पाय पुढे पडेनात. तो तसाच घरी न्हावऱ्याला परतला. संध्याकाळी भागुबाईनं फोडणी टाकली. मोहरी तडतडली, तसा तो ताटावरून उठला आणि गोठ्यात म्हशीआड जाऊन उभा राहिला. भागुबाईनं मागून येऊन नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

आठवड्यानं शेजारच्या कुशाबाईनं विचारलं, "काय गं, तुझ्या घरनं फोडणीचा वास न्हाई येत हल्ली?"

"ह्यांना डाक्टरनं तेल बंद केलंय," भागुबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.