घाटातली ट्रॉली आणि डॉक्टरीणबाईंची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉली आहे. बालाघाटच्या एका गॅरेजमागे, सागाच्या झाडाखाली मी उभी असते. माझ्या एका चाकात हवा नाही. फळ्यांच्या फटींतून गवत वर आले आहे. येणारेजाणारे मला भंगार समजतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. पण एकदा बैहरच्या घाटात माझ्या पाठीवर जे घडले, ते अजून कोणी तुम्हाला सांगितले नसेल. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म अठ्ठावन्न साली झाला. खेमराज आणि डोमाजी या दोन मित्रांनी मला बनवले. दोघेही खैरलांजीकडचे, एका शाळेत शिकलेले. खेमराजचे गॅरेज होते. डोमाजी एका भातगिरणीची जीप चालवत असे. मोडीत निघालेल्या ट्रकचा आस त्यांनी मिळवला, त्यावर लोखंडी सांगाडा जोडला आणि सागाच्या फळ्या ठोकल्या. ट्रॉलीला सहसा ब्रेक नसतो. खेमराजने मात्र माझ्या पुढच्या टोकाला एक दांडी बसवली. ती ओढली की माझी दोन्ही चाके आवळली जात. मला जीपला जोडून पहिल्यांदा रस्त्यावर आणले तेव्हा डोमाजी सारखा मागे वळून पाहत होता, आणि खेमराज त्याला ओरडत होता, "समोर पाह्य ना गड्या, समोर."

ती माझी सुखाची वर्षे होती. मी धानाची पोती वाहिली, कौले वाहिली, लग्नाची वऱ्हाडे वाहिली. खेमराजने माल बांधायचा आणि डोमाजीने जीप हाकायची, असे ठरूनच गेले होते. लोक म्हणत, या दोघांची ट्रॉली गेली म्हणजे सामान घरी पोहोचल्यासारखेच.

मग एके दिवशी सागाचे ओंडके आणायचे होते. आभाळ भरून आले होते. खेमराजने घाईघाईत बांधलेला दोर माल उतरवताना अचानक सुटला, वरचा ओंडका घरंगळला आणि डोमाजीच्या उजव्या पायावर पडला. पाय वाचला, पण घोट्यात पूर्वीसारखे बळ राहिले नाही. डोमाजी लंगडू लागला. दवाखान्यात भेटायला आलेल्या खेमराजकडे त्याने पाठ फिरवली. खेमराज बराच वेळ खाटेजवळ उभा राहिला आणि निघून गेला. त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत. मला गॅरेजमागे लोटून ठेवले गेले. माझ्या फळ्यांवर कोंबड्या बसू लागल्या. खेमराज रोज माझ्याजवळून जाई, पण माझ्याकडे बघत नसे. अशी कितीतरी वर्षे गेली, मित्रांनो, आणि कुणाच्या उपयोगाचे नसणे म्हणजे काय ते मला कळले.

अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात घाटापलीकडच्या बिरशाहून निरोप आला. तिथे डॉक्टर अनुसया मेश्राम नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. नागपूरच्या, नुकतीच तिशी ओलांडलेल्या. त्यांच्याकडे दोन माणसांची, बिनछपराची, लाल रंगाची जुनी विलायती मोटार होती. शर्यतीत पळवायची ती मोटार. मायदेशी परतणाऱ्या खाणीच्या साहेबाकडून ती त्यांनी घेतली होती, कारण दुसरे कोणी तिला हात लावायला तयार नव्हते. तिचे पोट जमिनीला घासत असे. तरी बाई तीच घेऊन बाळंतपणाला गावोगाव जात. आता एका नाल्यात तिचा मागचा आस तुटला होता आणि एक चाक जाम झाले होते. ती बालाघाटला आणल्याशिवाय दुरुस्त होणार नव्हती.

एवढे वजन घाटातून ओढील अशी जीप डोमाजीच्याच हाती होती. आणि अशी मोटार जिच्यावर चढेल अशी ट्रॉली खेमराजचीच होती. दोघांनीही बाईंना नाही म्हटले नाही, कारण बाई पूर्वी बालाघाटला असताना दोघांच्याही घरची बाळंतपणे त्यांनीच केली होती. खेमराजने मला धुतले, नव्या ट्यूब घातल्या, ब्रेकच्या दांडीला तेल दिले. पण बिरशापर्यंतच्या सगळ्या वाटेत ते दोघे जीपमध्ये शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत.

मोटारीचे जाम चाक फिरत नव्हते. शेवटी बिरशाच्या बाजारातली माणसे जमली आणि तिला जवळजवळ उचलूनच माझ्यावर ठेवले. खेमराजने ती आणखी पुढे सरकवायला लावली. वजन मागे राहिले तर ट्रॉली शेपटीसारखी हलते आणि ओढणाऱ्या गाडीलाही रस्त्याबाहेर नेते. मग तो बांधायला बसला. मोटारीच्या पत्र्याला त्याने दोर लावला नाही. मागच्या दोन्ही चाकांना गोणपाट गुंडाळून जाड दोर घातले आणि माझ्या शेपटाकडे ताणून बांधले, म्हणजे उतारावर ती पुढे येऊ नये. पुढच्या आसाला साखळी घालून ती माझ्या पुढच्या कडीला आवळली, म्हणजे चढावर ती मागे जाऊ नये. चाकांसमोर लाकडी पाचरी ठोकल्या.

डोमाजी लंगडत आला. प्रत्येक गाठ ओढून पाहिली. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "बाई, त्याले सांगा, डाव्या बाजूची गाठ मले ढिली वाटून राह्यली."

खेमराज दोन हातांच्या अंतरावरच उभा होता. तो म्हणाला, "बाई, त्याले सांगा, थे ढिली नाई. पण पुन्हा बांधतो."

"तुम्ही दोघं मला पोस्टमन समजता का?" बाई म्हणाल्या.

खेमराजने गाठ पुन्हा बांधली, बाईही जीपमध्ये बसल्या आणि आम्ही निघालो. बैहर मागे पडले. खेमराजने दोनदा जीप थांबवायला लावली, कारण धक्क्यांनी मोटार खाली बसते आणि दोर सैल पडतात. दोन्ही वेळा त्याने ते आवळले. दोन्ही वेळा डोमाजीने ते तपासले. उकवा गावाच्या अलीकडे रस्त्यावर मोठा खड्डा होता. जीप त्यातून गेली, मग मी गेले, आणि जीपला मला जोडणाऱ्या पिनवर जोराचा हिसका बसला. पिन वाकली. ते मला तेव्हाच जाणवले, पण सांगायला मला तोंड कुठे होते.

पुढच्या वळणावर एक बैलगाडी उभी होती; गाडीवान मदत शोधायला गावात गेला होता. गाडीत गवतावर एक बाई पडली होती आणि तिच्या डोक्याशी एक म्हातारी बसली होती. म्हातारीचे नाव चंपाबाई. पडलेली होती तिची सून, विमला. आदल्या दिवसापासून कळा येत होत्या आणि बाळ येत नव्हते. अनुसयाबाई उडी मारून उतरल्या. त्यांनी विमलाचे पोट चाचपले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बाळ आडवं आहे," त्या म्हणाल्या. "पोट उघडावं लागेल. ते बालाघाटलाच होईल, इथं नाही. ट्रॉली सोडा. ट्रॉली मोटारीसकट इथंच राहू द्या."

खेमराज हातोडा घेऊन पिनपाशी बसला. त्याने ठोकले, खालून ठोकले, वरून ठोकले. पिन हलेना.

"मग मोटार ढकलून द्या," बाई म्हणाल्या.

"थे इतक्या लोकाईनं उचलली होती, बाई. आपल्याच्यानं हालत नाई."

विमला कण्हत होती. पुढे सगळा घाट उताराचा होता. मागून मी आणि माझ्यावरची मोटार जीपला रेटणार होतो, आणि जीपचा ब्रेक डोमाजीच्या उजव्या पायाखाली होता. त्या पायाकडे सगळ्यांचे लक्ष गेले.

तेव्हा डोमाजी इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ खेमराजकडे पाहून बोलला. "दोर टिकन काय?"

खेमराजने खोटे सांगितले नाही. "मले माहीत नाई," तो म्हणाला. "मी ट्रॉलीवर बसतो. ब्रेकची दांडी ओढतो. तुह्या पायावर सारा भार नको."

"मोटार सरकली त तू मधात चेंगरशीन."

"दांडी तिथंच हाय ना. दुसरीकडं कुठं बसू?"

डोमाजीने त्याच्या हातात पाना दिला. मग म्हणाला, "पान्यानं लोखंडावर ठोकजो. एकदा ठोकलं त हळू. दोनदा ठोकलं त थांबतो."

विमलाला जीपमध्ये आडवे केले. बाई तिच्याजवळ बसल्या, चंपाबाई पुढे बसली. खेमराज माझ्या पुढच्या टोकावर चढला. त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर त्या लाल मोटारीचे नाक होते.

मित्रांनो, तो उतार मी कधी विसरणार नाही. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला साल वृक्षांचे शेंडे, म्हणजे किती खोल दरी होती ते समजा. डोमाजीने पहिला गिअर टाकला. इंजिन कण्हू लागले. खेमराज दांडी ओढे, माझी चाके आवळली जात, आणि जळक्या रबरासारखा वास येई. सगळे वजन आता मागच्या दोन दोरांवर होते. मला त्यांचा एकेक पीळ ताणलेला कळत होता.

वळणावर दगडावरून चाक गेले आणि एक पाचर उडाली. उजवा दोर गोणपाटातून घसरून माझ्या लोखंडी काठावर घासू लागला. एक पीळ तुटला. दुसरा तुटला. मोटार बोटभर पुढे आली, मग वीतभर. खेमराजचा डावा पाय तिच्या आणि माझ्या पुढच्या फळीच्या मध्ये सापडला.

तो ओरडला नाही. त्याने पान्याने दोनदा ठोकले.

जीप थांबली. पण ती उतारावर थांबली होती आणि डोमाजीला पाय उचलणे शक्य नव्हते. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. "मले पाय काढता येत नाई," तो म्हणाला. "कोणीतरी चाकाले दगड लावा. लवकर."

अनुसयाबाईंचा हात विमलाच्या हातात होता. त्या सोडवून घेणार तोच चंपाबाई खाली उतरली. तिने रस्त्याच्या कडेचे दगड उचलले, जीपच्या चाकांसमोर टाकले, माझ्या चाकांसमोर टाकले, आणि शेवटचा मोठा दगड उचलवेना म्हणून पायाने ढकलत आणला. डोमाजीने हळूच पाय सैल केला. आम्ही जागच्या जागी राहिलो.

तो लंगडत मागे आला आणि माझ्यावर चढला. खांदा लावून त्याने मोटारीचे नाक रेटले. चंपाबाईनेही हात लावला. मोटार जेमतेम दोन बोटे मागे झाली, पण तेवढ्यात खेमराजने पाय ओढून घेतला. नडगीची कातडी सोलून निघाली होती. तो बसला नाही. "पुढची साखळी सोड," तो म्हणाला. "उताराले तिचं काई काम नाई. मागं लावू."

डोमाजीने साखळी सोडली. खेमराजने ती मोटारीच्या मागच्या सांगाड्याला घालून माझ्या शेपटाच्या कडीला आवळली. डोमाजीने यावेळी तपासून पाहिले नाही. खेमराज म्हणाला, "पाहून घे."

"पाहाचं नाई मले."

"पाहून घे म्हणलो ना."

डोमाजीने साखळी ओढून पाहिली आणि मान हलवली. खेमराज पुन्हा त्याच जागी जाऊन बसला. दगड काढले आणि आम्ही निघालो. उरलेला घाट मी श्वास रोखून उतरले, जर ट्रॉलीला श्वास असेल तर. साखळी करकरत राहिली, पण मोटार जागची हलली नाही.

बालाघाटच्या दवाखान्याच्या फाटकातून रुग्ण, जीप, ट्रॉली आणि लाल मोटार अशी आमची वरात आत शिरली. विमलाला लगेच आत नेले. ऊन कलायच्या आत मुलगी झाली. आई वाचली, मुलगीही वाचली. ते सांगायला अनुसयाबाई बाहेर आल्या तेव्हा चंपाबाई माझ्या चाकाला टेकून बसली होती. तिने पदराने तोंड झाकून घेतले.

खेमराजच्या नडगीला पट्टी बांधून झाली होती. तो आणि डोमाजी पायऱ्यांवर शेजारी बसले होते.

"त्या दिवशी," डोमाजी म्हणाला, "पाणी येईन म्हणून घाई मीच करून राह्यलो होतो. तू म्हणला होता, थांब, अजून एक दोर टाकतो. मीच म्हणलो, चालते."

खेमराज म्हणाला, "मी आयकाले नाई पाह्यजे होतं."

"हौ," डोमाजी म्हणाला. मग त्याने विचारले, "परवा गिरणीची धानाची खेप हाय. येतं काय बांधाले?"

"येतो."

त्यानंतर पुष्कळ वर्षे मी त्या दोघांबरोबर फिरले. मोटार दुरुस्त झाली आणि डॉक्टरीणबाई पुन्हा तिचे पोट घासत गावोगाव गेल्या. पुढे ट्रॅक्टर आले, त्यांच्या मोठ्या ट्रॉल्या आल्या, आणि मी या झाडाखाली आले. मला त्याचे फार दुःख नाही. गंज सगळ्यांनाच चढतो. फक्त कधीतरी माझ्या दांडीला कोणी तेलाचा थेंब दिला तर बरे वाटेल.

पण एक विनंती आहे, मित्रांनो. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमचे सामान, तुमची माणसे कुणाच्या तरी भरवशावर रस्त्याने जातील. बांधणारा माणूस जर म्हणाला, "थांबा, अजून एक दोर टाकतो," तर त्याला घाई करू नका. आभाळ भरून आले असले तरी थांबा.