आतून न उघडणारं दार

महिपतनं व्हॅन घ्यायचं काढलं तेव्हा शीला म्हणाली होती, "अहो, स्कूटर आहे ती काय वाईट आहे?" नवऱ्यानं तिचं ऐकलं नाही. मानपाड्याच्या ज्या केमिकल कंपनीत तो स्टोअरकीपर होता, तिथल्या साहेबांनी आपली तीन वर्षं वापरलेली पांढरी व्हॅन विकायला काढली होती, आणि "सात माणसं आरामात बसतात" हे त्यांचं वाक्य महिपतच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

आरामाचं म्हणाल तर साहेब कधी मागे बसलेच नसावेत. इंजिन नेमकं पुढच्या सीटखाली. त्यामुळे वैशाखात महिपतचं बूड शेकून निघायचं आणि शीला पायाखाली ओलं फडकं ठेवून बसायची. मागे बसणाऱ्यांना डोंबिवलीतला प्रत्येक खड्डा मणक्यातून मोजता यायचा. भरवशाच्या नावानंही आनंदच. सकाळी गार म्हणून चालू व्हायची नाही, दुपारी तापली म्हणून बंद पडायची. ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकात अर्धा तास ताटकळून फाटक उघडलं, की हिचं घोडं नेमकं तिथेच पेंड खायचं. मागचे ट्रकवाले महिपतच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. रिव्हर्स घेताना गाडी एक भसाडं गाणं वाजवायची, त्यामुळे महिपतराव किती वाजता घरी आले हे अख्ख्या बिल्डिंगला कळायचं. पुढच्या सीटला जिवाच्या सुरक्षेसाठी म्हणून पट्टे होते, त्यांनी शीला गोडेतेलाचा डबा बांधून आणायची. डबा तेवढा सुरक्षित होता.

पण या सगळ्यावर कडी केली होती ती मागच्या दारांनी. दोन्ही बाजूंची सरकती दारं आतून उघडतच नसत. बाहेरून लोण्यासारखी सरकायची, आतून मात्र कडी कितीही ओढा, ढिम्म. मग गाडी थांबली, की महिपतनं खाली उतरायचं, वळसा घालायचा आणि दार सरकवून बाजूला उभं राहायचं. साहेबांच्या गाडीला शिपाई असतो, इथे मालकच शिपाई! त्यानं दोन गॅरेजं पालथी घातली. एकानं ग्रीस भरलं, दुसऱ्यानं कडी बदलली आणि "चालवून घ्या, शेठ" म्हणून हात झटकले. महिपत चालवून घेत होता, दुसरं करतो काय?

आता दाजींचं सांगायला हवं. महिपतच्या थोरल्या बहिणीचे, सगुणाताईचे, यजमान चांगदेवराव. आंबिवलीला राहायचे. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, पण ते शाळेतून निवृत्त झाले, हेडमास्तरकीतून नव्हे. अकरा वर्षांपूर्वी महिपतच्या डोंबिवलीच्या ब्लॉकची वास्तुशांत होती. पाहुण्यांना कल्याण स्टेशनवरून आणायला दोन टॅक्सी ठरवल्या होत्या, त्या भरल्या, आणि उशिरा पोचलेले दाजी कोट घालून, आचाऱ्याच्या पातेल्यांबरोबर टेम्पोत बसून आले. गोपुरासारखा ताठ माणूस! मांडीवर झारा घेऊन उतरला, तो पानावर न बसताच ताईला घेऊन माघारी गेला. "जिथे जावयाची जागा भांड्यांत, त्या घराची पायरी मी चढणार नाही, आणि माझी बायकोही नाही."

महिपत दोनदा पाया पडून आला. दाजी पेपर खाली करायचे नाहीत. ताई स्वयंपाकघराच्या दाराआडून नुसती बघायची. जामात हा दहावा ग्रह म्हणतात. नऊ ग्रहांची शांत करता येते, या दहाव्याची कोण करणार?

यात भरडली गेली ती आई. भागीरथीबाई महिपतजवळच असायच्या. पहिली काही वर्षं नात्यातल्या लग्नाकार्यांत मायलेकी भेटायच्या, कोपऱ्यात बसून हळू आवाजात बोलायच्या. मग आईचे गुडघे गेले. ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षं आईनं जिना उतरला नव्हता, आणि दोन वर्षं तिनं लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. येत्या वैशाखात तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं, तेव्हा तिनं एकच विचारलं, "सगुणा येईल का रे?" साडी कोणती, जेवायला काय, यातलं काही नाही. महिपतला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दैवाची गंमत अशी, की त्याच्या मदतीला धावून आली ती हीच बिघडलेली व्हॅन. माघात कल्याणला नात्यातल्या एका पुतण्याचं लग्न होतं आणि त्याच दिवशी रिक्षावाल्यांचा संप. लग्न आटोपल्यावर दाजी आणि ताई कार्यालयाच्या फाटकात अर्धा तास उभे. शेवटी लग्नघरच्यांनीच महिपतला गळ घातली. दाजी त्याच्याकडे न बघता मागे बसले, आंबिवलीपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. घर आलं तसा महिपत सवयीनं टुणकन खाली उतरला, वळसा घालून गेला, दार सरकवलं आणि कडेला उभा राहिला.

दाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी आधी उघड्या दाराकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे. मग कोटाचं बटण लावून सावकाश उतरले आणि म्हणाले, "चहा घेऊन जा."

अकरा वर्षांनी चहा! महिपतनं कप हातात घेतला. दाराचं खरं काय ते त्याच्या ओठावर आलं होतं, पण त्यानं ते चहाबरोबर गिळलं.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी महिपत व्हॅन घेऊन आंबिवलीला जायला लागला. दाजींना टिटवाळ्याच्या गणपतीला ने, पेन्शनीच्या कामाला ने. प्रत्येक वेळी उतरायचं, वळसा घालायचा, दार उघडायचं. दाजी चाळीत सांगत सुटले, "आमच्या मेव्हण्याला उशिरा का होईना, अक्कल आली. मी गाडीतून उतरेपर्यंत उभा असतो!" शीलाला हे कळलं तेव्हा ती पदर तोंडाशी धरून हसली. "तुमच्या दारानं घराणं तारलं म्हणायचं." महिपत मात्र चिडला होता. आपण एवढे पाया पडलो त्याचं काही नाही, आणि एका गंजक्या कडीपुढे हा माणूस विरघळला! पण चिडून सांगतो कुणाला? चैत्र संपता संपता दाजींनी होकार दिला. "आईंच्या कार्याला येऊ. तू न्यायला ये."

आईला सांगितलं. तिनं शीलाकडून नखं कापून घेतली आणि चष्मा पुसून ठेवला.

कार्याच्या आदल्या दिवशी महिपतनं गाडी सर्व्हिसिंगला दिली, भर कार्यात दगा नको म्हणून. मानपाडा रोडला गुरुदत्त नावाच्या एका मेकॅनिकनं नवीन गॅरेज टाकलं होतं. महिपतनं सवयीनं दाराचं रडगाणं गायलं. गुरुदत्तनं दार सरकवलं, त्याच्या कडेला बोट घातलं आणि टक् असा आवाज केला. मग दुसऱ्या दाराला, टक्.

"घ्या. आता उघडा आतून."

उघडलं! महिपत आत बसून पाच वेळा उघडमीट करत राहिला.

"काका, बिघडलेलं नव्हतंच. हा पोरांसाठीचा लॉक असतो. पोरं चालत्या गाडीत दार उघडतात ना, म्हणून आतून बंद ठेवायची सोय आहे. आधीच्या मालकानं लावलेला असणार. तुम्हाला कोणी सांगितलं नाय?"

चौदा महिने! चौदा महिने आपण उन्हातान्हात या गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होतो, आणि नखाएवढी कळ तिथेच होती. महिपतनं कपाळावर हात मारून घेतला. साहेबांना, आधीच्या दोन गॅरेजवाल्यांना आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घालून झाल्यावर मात्र त्याला इतका आनंद झाला, की त्या आनंदात बाकी काही सुचायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्टेशनवरून पाहुण्यांच्या दोन खेपा केल्या. "उघडा, उघडा, आतून उघडतं आता!" असं तो प्रत्येकाला राजासारखा बसल्या जागेवरून सांगत होता. तिसरी खेप आंबिवलीची. दाजी कोट घालून तयार होते. ताई हिरवी इरकल नेसली होती आणि तिच्या हातात आईसाठी डबा होता. येताना फाटक लागलं, उशीर झाला, गुरुजी खोळंबले असणार म्हणून महिपतचा जीव वरखाली. बिल्डिंगखाली गाडी थांबवली, पुढच्या सीटवरची हारांची टोपली उचलली आणि तो धावतच जिना चढला.

पहिल्या मजल्यावर शीला खाली येत होती. "ताई कुठेयत?"

महिपतनं जिन्याच्या जाळीतून खाली पाहिलं. गाडीची दोन्ही दारं बंद होती. आत दाजी समोर बघत ताठ बसले होते, आणि शेजारी ताई. साडेदहाचं ऊन टपावर रणरणत होतं. टोपली शीलाच्या हातात कोंबून तो दोन-दोन पायऱ्या उतरत गाडीशी आला. मुकाट्यानं दार सरकवलं असतं तर अजूनही निभावलं असतं. पण घाईत माणसाच्या तोंडून जे निघू नये तेच निघतं.

"अहो दाजी, बसलाय काय? उघडा ना! आता आतून उघडतं!"

"आता म्हणजे?" दाजींनी काच सरकवून विचारलं. "आधी उघडत नव्हतं?"

"नव्हतं ना. लॉक लागलेला होता. काल नीट केलं."

शिकवण्यात जन्म गेलेला माणूस, दोन आणि दोन चार करायला त्याला किती वेळ लागणार?

"म्हणजे तू उतरून दार उघडायचास, ते दार बिघडलं होतं म्हणून."

महिपतला खोटं बोलता आलं असतं. पण अकरा वर्षांचा, चौदा महिन्यांचा आणि त्या सकाळचा सगळा वैताग एकदम त्याच्या डोक्यात चढला. "हो! बिघडलं होतं म्हणून! सगळ्यांनाच उघडायचो मी, भाजीच्या पिशवीलासुद्धा! दाजी, वर ऐंशी वर्षांची म्हातारी सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलीय. तुमचा मान काय या कडीत अडकलाय?"

"गाडी वळव," दाजी म्हणाले. "आम्हाला घरी सोड."

महिपत उन्हात उभा राहिला. हातातोंडाशी आलेला घास आपणच उडवला, हे त्याला स्वच्छ कळत होतं. दाजींचे पाय धरावेत म्हणून तो वाकणार, तेवढ्यात पलीकडून घर्र असा आवाज आला.

पलीकडचं दार ताईनं उघडलं होतं. अर्ध्यात अडकलं, तर तिनं डबा काखेत मारून दोन्ही हातांनी ढकललं. ती खाली उतरली, निऱ्या सारख्या केल्या आणि खिडकीतून नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बसा हवं तर. मी आईला भेटून येते."

"सगुणा!"

ती थांबली नाही. महिपत तिच्यामागे धावला. पहिल्या मजल्याच्या वळणावर तिला दम लागला, कठड्याला धरून ती उभी राहिली. डोळे भरले होते, पण आवाज रागाचाच होता.

"शहाण्या, तुला कालच बरं दार नीट करायला मिळालं? ते आतून उघडत नाही हे मला माघातल्या त्या लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. मी कडी ओढून पाहिली होती. तेव्हापासून रोज देवाला सांगत होते, आईचं कार्य होईपर्यंत ते असंच राहू दे."

महिपत मान खाली घालून तिच्यामागून चढू लागला.

वर पाटावर भागीरथीबाई बसल्या होत्या. एक्याऐंशी निरांजनं पेटवून झाली होती, गुरुजी घड्याळ बघत होते. ताईनं डबा खाली ठेवला आणि पाया पडायला वाकली ती तशीच आईच्या मांडीवर डोकं ठेवून राहिली. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. मग वेणी हातात घेऊन म्हणाली, "किती पांढरी झालीस गं." शीलानं डोळे पुसले.

महिपत खिडकीशी गेला. खाली व्हॅन तशीच उभी होती. ताईच्या बाजूचं दार सताड उघडं, दाजींच्या बाजूचं बंद, आणि आत दाजींचा कोटाचा खांदा दिसत होता. मेणबत्तीसारखा वितळेल हा माणूस, पण उतरायचा नाही. महिपतला त्यांचा रागही येत होता आणि कीवही.

"मी जाऊन दार उघडून येतो," तो पुटपुटला. "मला काय, सवयच आहे."

"कोण राहिलंय खाली?" आईनं विचारलं.

"दाजी. गाडीत बसलेत, आई. रागावलेत."

आईनं लेकीच्या डोक्यावरचा हात काढला नाही. गुरुजींना सुरू करा अशी मानेनं खूण केली.

"बसू देत त्यांना घटकाभर," ती म्हणाली. "मी अकरा वर्षं बसलेय."