रविवारच्या दोन गोळ्या

मी सकाळी सहाला उठते आणि माझी बोटं सातला उठतात. मधला तासभर चहाचा कप दोन तळव्यांत धरायचा, केस तसेच मोकळे सोडायचे आणि न्हाणीच्या दाराची कडी कोपराने लावायची. बिरवाडीत माझं टेलरिंगचं दुकान आहे. एमआयडीसीतल्या कामगारांचे बॉयलर सूट मी शिवते. टेलरची बोटं अशी लाडावली तर धंदा कसा चालायचा?

चार महिने मी थंडीवर आणि मशीनवर खापर फोडून काढले. मग एक दिवस बॉबिन बसवताना तीनदा हातातून पडली आणि चौथ्यांदा मीच खाली बसून रडले. त्या दिवशी धम्मपाल, म्हणजे माझे यजमान, मला मोटरसायकलवर बसवून महाडला घेऊन गेले. तिथल्या एका दवाखान्यात दर दुसऱ्या गुरुवारी पुण्याहून सांध्यांच्या डॉक्टर येतात. चारुलताबाई त्यांचं नाव. त्यांनी माझं एकेक बोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर आडपडदा न ठेवता सांगितलं.

"हा संधिवाताचा एक प्रकार आहे, आमवात म्हणतात. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच सांध्यांवर उलटलेली असते. औषधाने ती आवरता येते. पण उशीर झाला तर हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड मला परत आणता येत नाही."

"मशीन चालवता येईल ना?" मी विचारलं.

"औषध वेळेवर सुरू केलंत तर नक्की येईल."

माझ्या कानात तेवढंच शिरलं. औषध होतं मेथोट्रेक्झेट. दोन गोळ्या, त्याही फक्त रविवारी. रोज घेतल्या तर जिवावर बेतेल, हे बाईंनी दोनदा बजावलं. त्या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून मंगळवारी फॉलिक अ‍ॅसिडची एक गोळी. सुरुवातीचा महिनाभर आराम पडावा म्हणून एक छोटी पांढरी गोळी. शिवाय दर महिन्याला रक्ताची तपासणी.

दवाखान्यातल्याच मेडिकलच्या दारात धम्मपालनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वीस वर्षं ते एका औषधांच्या कंपनीत ऑपरेटर आहेत. त्यांच्या ब्लॉकात कॅन्सरच्या औषधांची पावडर बनते.

"आमू, ह्ये आमच्या ब्लॉकातलं हाय," ते म्हणाले. "ड्रमवर कवटी असते गो. डबल हातमोजे घातल्याशिवाय आमी झाकण उघडत नाय. आपली श्रुतिका लहान होती तवा तिला उचलायच्या आधी मी दोनदा आंघोळ करायचो, आठवतंय?"

आठवत होतं.

"मग आत जाऊन डॉक्टरांना विचारा ना."

"काय विचारू? त्यांनी कदी ड्रम बगितलाय?"

ते आत गेले नाहीत. मीही गेले नाही. मला घाई होती, दुकानात चाळीस सूट कापून पडले होते.

रविवारी विहारातून वंदना करून आलो आणि गोळी घ्यायची वेळ आली. त्या पन्नीतून गोळी बाहेर काढणं माझ्या अंगठ्याला काही जमेना. धम्मपालनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, मोरीकडे तोंड करून गोळ्या काढल्या आणि माझ्या तळव्यावर ठेवल्या. पाण्याचा तांब्याही त्यांनीच दिला. वीस वर्षांत ज्या माणसाने मला कधी पाणी विचारलं नाही, तो आजारपणात एवढा सुधारला म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले. मंगळवारची गोळीही तेच द्यायचे. मी डोळे मिटून गिळायची. तळव्यावरच्या गोळ्यांकडे माझं लक्षच नसायचं, मी सुजलेल्या सांध्यांकडे बघत असायची.

पहिला महिना बरा गेला. पांढरी गोळी बंद झाली आणि बोटं पुन्हा आखडली, आधीपेक्षा जास्त. दुसऱ्या महिन्यात मधलं बोट वाकलं. त्याच बोटात मी अंगुस्तान घालते, ते सुई ढकलायचं टोपण. तिसऱ्या महिन्यात चारुलताबाईंनी एक्स-रे काढायला लावला आणि तो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"इथे हाड झिजलंय," त्या म्हणाल्या. मधल्या बोटाचा सांधा होता तो. "आश्चर्य आहे. रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ आहेत, गोळीचा काहीच त्रास नाही आणि गुणही नाही. रविवारी एकदाही चुकलं नाही ना?"

"एकदाही नाही," मी म्हणाले. "हे स्वतः देतात."

धम्मपाल खाली फरशीकडे बघत होते. मानेवर घाम होता. माझ्या काळजीने असेल, असं मी समजले. किती खुळी मी!

"मग आता दोनाच्या तीन करू," बाई म्हणाल्या. "महिनाभराने बघू. दुखण्याने नाहीच ऐकलं तर मोठी इंजेक्शनं आहेत, त्यांचे धोके वेगळे. तेव्हा ठरवावं लागेल."



त्या रविवारी धम्मपालना पोलादपूरला जायचं होतं, वारलेल्या चुलत्याचं पुण्यानुमोदन होतं. माझ्याने तेवढं बसवणार नव्हतं. निघताना त्यांनी वाटीत तीन गोळ्या काढून झाकण ठेवलं. "जेवून घे," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता चप्पल घातली.

जेवून वाटी उचलली. दोन गोळ्या तोंडात टाकल्या, तिसरी बोटांतून निसटली आणि घरच्या मशीनच्या पायट्याखाली कुठेतरी गेली. वाकून शोधणं माझ्या गुडघ्यांना परवडत नाही. म्हटलं, पाकिटातून दुसरी काढू. कपाटात पाकीट नव्हतं. ते त्यांच्या ड्युटीच्या बॅगेत, डब्याच्या खालच्या कप्प्यात सापडलं, रबरबँड लावलेलं. रविवारच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या होत्या. एकाही पट्टीतली एकही गोळी काढलेली नव्हती.

आधी वाटलं नवीन आणल्या असतील. पण पहिल्या पट्टीवर मेडिकलवाल्याने तीन महिन्यांपूर्वी पेनाने 'रवि' लिहिलेलं होतं, ते माझ्यासमोर लिहिलं होतं. मी धागा कापायची छोटी कात्री घेतली आणि पन्नी कापून एक गोळी बाहेर काढली. मग मंगळवारची एक काढली. दोन्ही खिडकीत शेजारी ठेवल्या. दोन्ही पिवळ्या. पण रिळांचे रंग जुळवण्यात माझा जन्म गेलाय. रविवारची लिंबाची पिवळी आणि मंगळवारची हळदीची. पायट्याखालची तिसरी मी केरसुणीने ओढून काढली. ती हळदीची होती.

मी तिथेच जमिनीवर बसले. आधी रडू आलं नाही, राग आला. असा राग मला कधीच आलेला नाही. उजव्या हाताची मूठ आवळायला गेले तर मूठही होईना.

चारला धम्मपाल आले. त्यांनी खिडकीतल्या गोळ्या पाहिल्या आणि दारातच उभे राहिले.

"किती रविवार?" मी विचारलं.

"आमू..."

"किती?"

"सगळे," ते म्हणाले. "एकदा पन ती दिली नाय, मंगळवारचीच देत होतो. हात उचलंना माझा. आमच्यातला भिकू वर्षभर ती पावडर भरत होता, त्याच्या तोंडात फोड आले, रक्त कमी झालं. आनि मी माज्या हातानं तुला...? वाटलं, त्या पांढऱ्या गोळीनं बरं वाटतंय, होईल तशीच बरी."

"मग बोलला का नाहीस?" माझ्या तोंडून एकेरी निघालं. वीस वर्षांत पहिल्यांदा. "डॉक्टरबाई विचारत होती तेव्हा बोलला का नाहीस? एक्स-रे बघून पण बोलला नाहीस! भीती तुला वाटली आणि हाड माझं गेलं. भिऊन गोळी घ्यायची का न भिता, का घ्यायचीच नाही, ते मी ठरवणार होते. हात माझे आहेत, धम्मपाल!"

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि मोठ्याने रडला. मी त्याला उगी केलं नाही.

मी दवाखान्यात फोन लावला. बाई म्हणाल्या, तीन अजिबात नको, जुन्या दोनांपासून सुरुवात करा, आणि गुरुवारी दोघंही या. गुरुवारी धम्मपालने अखेर तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी मेडिकलच्या दारातून परत फिरून विचारायचा होता. "ज्याला आमी हात लावत नाय, ते ही खाणार?"

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही रोज किलोंनी हाताळता, श्वासातून, कातडीतून, वर्षानुवर्षं. तिथे हातमोजे हवेतच. ही घेते आठवड्याला काही मिलिग्रॅम, आणि आम्ही दर महिन्याला रक्त बघतो ते याच भीतीपोटी. तुमची भीती खोटी नव्हती. मला सांगितली असतीत तर तीन महिने वाचले असते."

"ते बोट?" त्याने विचारलं.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाकीची वाचवू."

तेव्हापासून माझ्या गोळ्या मीच काढते. सुरुवातीला कात्री लागायची, पाव तास जायचा. धम्मपाल समोर पाण्याचा तांब्या धरून बसायचा आणि त्याचे हात शिवशिवायचे, पण मी पाकीट दिलं नाही. सात-आठ रविवार असेच गेले. बोटं आता साडेसहाच्या आत उठू लागली आहेत.

मागच्या रविवारी अंगठ्याने दाबलं आणि गोळी पन्नी फोडून टचकन बाहेर आली. पाठोपाठ दुसरीही. मी तळवा त्याच्यासमोर धरला, दर रविवारी धरते तसा.

"कुठल्या?"

"लिंबाच्या," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "अजून भीती वाटते गो."

"मला पण," मी म्हणाले आणि गोळ्या गिळल्या.

मग दुकान उघडलं. अंगुस्तान आता चौथ्या बोटात घालते. मधलं बोट कापडावर वाकडंच राहतं, आणि धम्मपाल जेवणाचा डबा घेऊन आला की त्याची नजर आधी त्या बोटावर जाते. मी ते झाकत नाही.