पहिला ट्रॅक्टर पाठमोरा

चार महिन्यांत सात ट्रेलर बघितले आणि सातही माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, पसंत पडले नाहीत. एकाची मान उंच, एकाची चाकं फार मागे, एकाच्या चेन अडकवायच्या कड्या बारीक. आणि निघताना सगळ्यांना एकच शेरा, रॅम्प स्वल्प उंच आहे. हाच माणूस स्वतःच्या लग्नाला मुलगी बघायला गेला तेव्हा कॉफी संपायच्या आत हो म्हणून बसला होता. माझं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

आठवा ट्रेलर पीण्याच्या कारखान्यांच्या भागात, ट्रेलर बनवणाऱ्या कृष्णमूर्तींच्या शेडमध्ये होता. राजाजीनगरातून निघाल्यापासून मी तीनदा घड्याळ बघितलं. आमचा धंदा ट्रॅक्टर पोचवायचा. वादिराजांच्या यार्डातून नवे ट्रॅक्टर उचलायचे आणि तुमकूर, हासन, चित्रदुर्गाकडच्या शोरूमला उतरवायचे. फोन आणि कागद माझ्याकडे, गाड्या अण्णाकडे. दसऱ्याआधी तीस ट्रॅक्टर जायचे होते, आणि वादिराजांनी काल स्पष्ट सांगितलं होतं की दुपारी दोनपर्यंत ट्रेलर ठरला तर ठीक, नाहीतर काम होसूरच्या माणसाला देतो.

पण खरं सांगते, मला काळजी वादिराजांची नव्हती. गेल्या दसऱ्याला अण्णाचा डावा पाय मोडला, आत स्टीलची पट्टी घालावी लागली, आणि तेव्हापासून तो एकदाही ट्रॅक्टरवर बसलेला नाही. तीस वर्षं ज्यानं दुसरं काही केलं नाही तो माणूस सकाळी पेपर उघडून बसतो आणि दुपारी तेच पान उघडं असतं. आज त्यानं ट्रेलर घेतला नाही तर तो परत कधीच घेणार नाही, हे मला आतून कळत होतं. आणि तो पाय माझ्यामुळे मोडला होता.

आमच्या घरची एक रीत आहे. नवा ट्रेलर आला की पहिला ट्रॅक्टर घरच्या माणसानं चढवायचा, तोही तोंड पुढं करून. पाठमोरा नाही. पाठमोरा चढवला तर लक्ष्मी पाठ करून घरात येते म्हणतात. आप्पांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, ट्रेलर बसके असायचे, गुडघाभर उंचीचे, तोंड पुढं करून चढवायला काही वाटायचं नाही. गेल्या वर्षीचा आमचा ट्रेलर, नंतर विकून टाकलेला, छातीएवढा होता. अण्णा मला म्हणाला होता की चढ उभा आहे, तोंड पुढं ठेवलं तर पुढची चाकं उचलतील, मागची जड चाकं आधी वर गेलेली बरी. मी हातात आरतीचं ताट घेऊन उभी होते. म्हटलं, आप्पांच्या रीतीला आजवर कोणी हात लावला नाही, तूच पहिला लाव. तो तोंड पुढं करून निघाला. अर्ध्या रॅम्पवर पुढची चाकं उचलली, ट्रॅक्टर कडेला घसरला आणि त्याचा पाय मडगार्डखाली आला. मी मागे उभी होते. मला त्याची फक्त पाठ दिसली.

हा विषय वर्षभर आम्ही दोघांनी एकमेकांसमोर काढलेला नाही. मी तर जयनगरच्या मावशीलाही क्लच अडकला म्हणून सांगितलंय.

कृष्णमूर्तींनी ट्रेलर दाखवला. पुढं ओढणाऱ्या ट्रकला आमच्यात घोडा म्हणतात. त्या घोड्याच्या पाठीवर ट्रेलरचा पुढचा भाग वाकून चढतो, हंसानं मान उचलावी तसा, म्हणून त्याला गूजनेक म्हणायचं. ट्रॅक्टर उभे करायचा मागचा पाट खाली राहतो आणि वजन दोन्हीकडे वाटलं जातं. हा तीन एक्सलचा होता, वेल्डिंग स्वच्छ, कड्या माझ्या मनगटाएवढ्या जाड. अण्णा काठी टेकत दोनदा फेरी मारून आला. खाली वाकून टायर बघितले, मानेचा जोड बोटानं वाजवून बघितला. त्याचा चेहरा उजळला होता, मला दिसलं ते. मग कृष्णमूर्तींच्या माणसांनी मागचे रॅम्प खाली सोडले आणि अण्णा तिथंच थांबला.

मी मनात म्हटलं, आता बोलणार. आणि बोललाच. रॅम्प स्वल्प उंच आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेडमध्ये ग्राइंडर चालू होता, त्याच्यावर आवाज चढवून मी नको ते सगळं बोलले. चार महिने मला पीण्याच्या चकरा मारायला लावतोयस, मानेत खोट नाही, चाकात खोट नाही, खोट तुझ्यात आहे, तुला भीती वाटते हे एकदा कबूल कर आणि मला मोकळी कर. ग्राइंडर मध्येच बंद पडला आणि शेवटचं वाक्य सगळ्या शेडनं ऐकलं. अण्णा वळला. काठी टेकत बाहेर गेला आणि चहाच्या टपरीजवळच्या बाकावर बसला.

मी तिथंच येरझारा घालत राहिले. पाऊण वाजला होता. कृष्णमूर्ती वयानं मोठे, शांत माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, मी बसले नाही. मग ते कन्नडमध्ये हळूच म्हणाले की अक्का, तुमचे अण्णा गेल्या महिन्यात एकटेच मेट्रोनं आले होते. मला माहीतच नव्हतं. अण्णानं विचारलं होतं म्हणे, की ज्याची मान सुटून बाजूला होते आणि पाट पुढून जमिनीला टेकतो असा ट्रेलर कधी मिळेल. त्यावर ट्रॅक्टर तोंड पुढं करून सरळ चालत जातो, चढच नसतो. कृष्णमूर्तींनी सांगितलं की तसा बनवायला संक्रांत उजाडेल, आणि हवाय कशाला, साधाच घ्या, ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवा, सगळे तसंच चढवतात. तर अण्णा म्हणाला, रिव्हर्स नको. माझ्या तंगीला चालत नाही.

तंगी म्हणजे धाकटी बहीण. म्हणजे मी.

 सात ट्रेलर त्यानं माझ्यासाठी नाकारले होते. पाय मोडून घेतल्यावरही तो माझी रीत सांभाळत बसला होता, आणि मी त्याला चारचौघांत भित्रा म्हटलं होतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की टपरीपर्यंतचं अंतर मला चालवेना.

मी त्याच्याशेजारी बाकावर बसले. तो चहा ढवळत होता. साखर कधीच विरघळली असणार.

"अण्णा," मी म्हटलं, "गेल्या वर्षी तू बरोबर सांगत होतास. मी ऐकलं नाही. पाय माझ्यामुळे गेला तुझा."

त्यानं पेला बाकावर ठेवला. मग म्हणाला की भीती वाटते हे खरं आहे, रात्री अजून ती पुढची चाकं उचललेली दिसतात. पण पाठमोऱ्याची भीती नाही वाटत.

"मग पाठमोरा घाल."

"आणि लक्ष्मी?"

"ती येईल तशी येऊ दे. तू धड खाली उतरलास म्हणजे झालं."

शेडमागे चाचणीसाठी ठेवलेला एक जुना ट्रॅक्टर होता. अण्णानं काठी माझ्याकडे दिली आणि मडगार्डला धरून वर चढला. क्लचवर ठेवलेला त्याचा डावा पाय थरथरत होता, मला खालून स्पष्ट दिसत होता. मी थांब म्हणणार होते. तोंडातून निघालं नाही, बरं झालं. मी ट्रेलरवर चढून मधोमध उभी राहिले, कारण रिव्हर्सला मागे बघत यावं लागतं आणि त्याला बघायला कुणीतरी हवं.

मोठी चाकं रॅम्पला लागली. अण्णा मान वळवून माझ्याकडे बघत होता. मी हातानं ये, ये करत होते, डावीकडे, स्वल्प डावीकडे, आणि एक एक पाऊल मागे सरत होते.  ट्रॅक्टर संथ वर येत होता, पुढची चाकं रॅम्पला चिकटून होती, एक बोटभरही उचलली नाहीत. या वेळी मला त्याचा सगळा चेहरा दिसत होता. घामानं भिजलेला, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

चारही चाकं पाटावर आली. त्यानं ब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. खाली कृष्णमूर्तींची माणसं बघत उभी होती. दोनला वीस मिनिटं होती आणि वादिराजांचा फोन माझ्या पर्समध्ये वाजत होता. मी तो वाजू दिला.

"रॅम्प स्वल्प उंच आहे," अण्णा म्हणाला. मग डोळे पुसले. "पण चालेल. सांग त्यांना, हाच घेतो."

मी काठी हातात धरून ट्रेलरवरच बसले आणि सगळ्या शेडदेखत रडले.