चाकांवरचा आडोसा

मित्रांनो, माझ्याकडे कुणी बघत नाही. माझ्यामागे काय चाललंय, तेच सगळ्यांना बघायचं असतं. आणि ते दिसू नये, हेच माझं काम. मी रुग्णालयातला एक जुना पडदा आहे. लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटी, त्यांवर ताणलेलं हिरवं कापड आणि पायांना लहान लहान चाकं.

माझ्या नळ्या ज्या वेल्डरने जोडल्या, त्याला मी कपडे वाळत घालायचा स्टँड वाटलो होतो. कारखान्याच्या मालकाने खरं काय ते सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "आजारी माणसाला कसली आलीय लाज?" मालक पुढच्या नळ्या मोजू लागला. मीही तेव्हा नवा होतो, मलाही ते खरं वाटलं.

पुरुषांच्या वॉर्डात आलो आणि कामाला लागलो. कुणाचं अंग पुसायचं असो, कपडे बदलायचे असोत, कुणाला अंथरुणातच शौचाचं भांडं द्यायचं असो, मला ओढत न्यायचे. तेव्हाच्या मोठ्या सिस्टर कडक होत्या. पडदा न लावता कुणी चादर उचलली, तर त्या फक्त बघायच्या. तेवढं पुरायचं. मी एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे दिवसभर फिरत असे, आणि खरं सांगायचं तर माझा थोडा तोराही होता.

मग त्या सिस्टर निवृत्त झाल्या. माझं एक चाक अडकू लागलं. ओढलं की असा आवाज व्हायचा की झोपलेले दचकून उठायचे. कापड एका कोपऱ्यात उसवलं. "राहू दे तो, डोकं उठवतो नुसता," असं म्हणत एकाने मला भिंतीशी सरकवलं. माझ्यामागे मोडकी स्टुलं ठेवली, माझ्यावर ओल्या छत्र्या टांगल्या. माणसांची लाज राखणारा मी, आता मोडक्या सामानाची लाज राखू लागलो.

त्याच सुमारास कंडक्टरसाहेब आले. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेली, आवाज खणखणीत. जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन होईपर्यंत पायाला वजन बांधून पडून राहायचं होतं. आल्या आल्या त्यांनी वॉर्ड खिशात घातला. सगळ्यांना हसवायचे. शेजारच्या खाटेवर दम्याने बेजार झालेला एक रंगारी होता, त्याला म्हणायचे, "भिंती रंगवल्यास, आता जरा गालांना रंग आण!"

पहिल्या दिवशी त्यांना भांडं हवं झालं, तेव्हा भेटायला येणाऱ्यांची वेळ होती. सिस्टरने चादर धरून जमेल तेवढा आडोसा केला. समोरच्या खाटेकडे आलेल्या कुणाच्या तरी लहान मुलीने विचारलं, "आई, आजोबा काय करतायत?" लोक हसले. कंडक्टरसाहेबही हसले. मी कोपऱ्यात छत्र्या घेऊन उभा होतो.

त्यानंतर त्यांनी पाणी पिणं सोडलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बोलणं चालूच होतं. आलेला चहा ते रंगाऱ्याला द्यायचे. जेवणाचं ताट "पोट भरलंय" म्हणून परत जायचं. पाण्याचा जग मात्र भरलेलाच असायचा, आणि भरलेला जग दिसला की सगळ्यांना वाटायचं, आत्ताच कुणीतरी भरून ठेवलाय.

मग एका दुपारी ते ओरडू लागले, "पुढे सरका! दाराशी गर्दी करू नका!" वॉर्ड खदखदून हसला. त्यांची लेक डबा घेऊन आली होती. "बाबा, मी आलेय," ती म्हणाली.

"तिकीट काढलंस का?"

तीही हसली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली. त्या डोळ्यांत ओळख नव्हती. तिच्या हातातला डबा तसाच राहिला.

डॉक्टर म्हणाले, डोक्याची तपासणी करावी लागेल. मोठे डॉक्टर सकाळी येतील, पण ही अवस्था असेल तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. लेक बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. जन्मभर ज्यांनी कुणाला अर्ध्या वाटेत उतरवलं नाही, तेच वडील मधेच उतरून गेले होते.

सकाळी ज्या सिस्टरची पाळी होती, तिला सगळे उंच सिस्टर म्हणायचे. डॉक्टरांच्या राउंडच्या आधी चादरी ताणायच्या, कागद लावायचे, कामाचा डोंगर होता. तिने जग भरायला उचलला आणि तो जड लागला. पाण्यावर धूळ तरंगत होती. तिने कंडक्टरसाहेबांची जीभ बघितली. लाकडासारखी कोरडी.

"काका, पाणी का पीत नाही?"

पहाटेपासून ते जरा शुद्धीवर होते. त्यांनी आधी आजूबाजूच्या खाटांकडे बघितलं. मग अगदी हळू, त्यांच्या आवाजाला न शोभेल असं म्हणाले, "प्यायलं की मागावं लागतं ना, सिस्टर. सगळ्यांसमोर."

"आत्ता भांडं हवंय?"

त्यांनी मान फिरवली. म्हणजे हवं होतं.

सिस्टरने छत्र्या काढून खाली ठेवल्या आणि मला ओढलं. चाक किंचाळलं. इतक्यात शेजारचा रंगारी उठून बसायची धडपड करू लागला. ओठ निळसर, छाती भात्यासारखी. ती एका हाताने मला धरून क्षणभर थांबली. "काका, आधी त्यांचा श्वास. मग लगेच तुमच्याकडेच येते. चादरींकडे नाही जाणार." रंगाऱ्याला तिने उशा लावून बसवलं, ऑक्सिजन लावला, हाक मारून डॉक्टरांना बोलावलं. त्याचा दम बसू लागला, तशी ती खरोखर थेट परत आली.

मला तिने खाटेभोवती उभं केलं. उसवलेला कोपरा पिनेने जोडला. भांडं दिलं आणि पाठ फिरवून उभी राहिली.

तेवढ्यात राउंड आला. मोठे डॉक्टर, मागे सगळा लवाजमा. वॉर्डातल्या निम्म्या चादरी चुरगळलेल्या. मोठ्या डॉक्टरांचा हात माझ्या चौकटीवर पडला. आत कंडक्टरसाहेबांनी श्वास रोखल्याचं मला जाणवलं.

"थांबा सर," सिस्टर बाहेर डोकं काढून म्हणाली. "आत्ता नाही."

मोठ्या डॉक्टरांनी भुवई उंचावली. मग हात काढून घेतला. "बरं. पलीकडच्या खाटेपासून सुरू करू." परत आल्यावर त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "तपासणी करूच," ते म्हणाले, "पण पाणी आधी. अंगातलं पाणी आटलं की माणूस असाही भरकटतो."

सलाइन लागलं. सिस्टर येता-जाता दोन घोट पाजू लागली, आणि दर वेळी मी हाकेच्या अंतरावर असायचो. वॉर्डबॉयने माझ्या चाकांना तेल घातलं. काही दिवसांनी लेक आली, तेव्हा कंडक्टरसाहेब तिला म्हणाले, "डब्यात काय आणलंस? आणि अशी वाळलीस का गं?" ती बाकापर्यंतही गेली नाही. तिथेच, माझ्या कापडात तोंड लपवून रडली. माझ्यामागे आजवर बरंच काही लपलं होतं, आनंद पहिल्यांदाच.

ऑपरेशन झालं. कंडक्टरसाहेब वॉकर घेऊन स्वतः बाथरूमपर्यंत चालत गेले, तेव्हा रंगाऱ्याने बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. मग ते घरी गेले. मला निरोप द्यायचं त्यांना सुचलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. पडदा लक्षात राहिला नाही, तर त्याचं काम नीट झालं असं समजावं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी कुणी आजारी पडेल. औषधं द्या, उशाशी फुलं ठेवा. पण त्याआधी जवळ बसून हळूच विचारा: पाणी हवंय का? बाथरूमला जायचंय का? दार लोटून घेऊ का? आणि उत्तर "नको" आलं, तरी लगेच उठू नका. थोडं थांबा. लाजणारा माणूस पहिल्यांदा नेहमी "नको"च म्हणतो.